खाडाखोड

डॉक्टर बोरस्ते म्हणाले, पगारे मावशी,
माझ्यासमोर बसलात की तुमचं रक्त घाबरतं.
इथे एकशे अडुसष्ट, घरी किती ते बघू.
सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, वही घाला.
आणि मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको.

तर हे आलं. बिटको चौकातून, कापडी पिशवीत,
मेथीच्या जुडीखाली.
पट्टा गुंडाळला की कासारणीचा हात आठवतो,
लग्नात हिरवा चुडा भरला होता तिचा:
तसाच आवळतो, तसाच थांबतो,
मग हळूहळू सोडून देतो.

त्याआधी पाच मिनिटं नुसतं बसायचं.
पाठ टेकलेली, पाय जमिनीला,
हात टेबलावर, काळजाच्या उंचीला.
तोंड बंद.

पाच मिनिटं!
तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढली,
छापील तावांवर डोळे लावून.
शाई फुटली, रेघ सरकली, नंबर पुसट आला,
पेन्सिलीने खूण, ताव बाजूला.
भोंग्यावर उठले, भोंग्यावर बसले,
पण नुसतं बसणं कुणी शिकवलंच नाही.
पहिल्या दिवशी दीड मिनिटात उठले, गॅस बघायला.
गॅस बंद होता.

दुसऱ्या दिवसापासून ऐकू यायला लागलं.
एकलहऱ्याकडे निघालेली कोळशाची मालगाडी,
खाली गांगुर्डेंच्या कुकरची दुसरी शिट्टी,
यांच्या फोटोमागे चुकचुकणारी पाल.
यांनी कधी मोजलं नाही.
एका सकाळी अंघोळ करून आले
आणि शर्टाचं बटण लागेना, एवढंच.

प्रेसमध्ये नंबर ओळीने यायचे,
प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे.
हे माझे आकडे कुणाचं ऐकत नाहीत.
१४६. १३८. १५२. १३४.
शेवंताच्या नातीचं बारसं, त्यात तळलेल्या कुरडया,
त्या रात्री १५८.
दोनदा घ्यायचं, मध्ये मिनिटभर थांबायचं,
आणि दोन्ही लिहायचे.
बरा दिसतो तेवढाच नव्हे.

गुरुवारी पिंपरीहून प्राजूचा फोन.
आठवा लागलाय तिला.
आई, आज किती?
समोर १५६. म्हटलं, एकशे अठ्ठावीस.
आणि वहीतही तेच लिहिलं,
खोटं दोन ठिकाणी वेगळं असलं की सापडतं.

रात्री पंखा फिरतोय, मी जागी.
तीस वर्षांत एक खराब नोट
माझ्या हातून बंडलात गेली नाही,
आणि आता स्वतःच छापली की एक.
अडीचला उठले, दिवा लावला.
खोडायचं ते एकाच रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी खरा आकडा, तारीख, सही.
गिरगटायचं नाही. तो नियमच होता आमचा.
सही करताना हात थरथरला नाही,
त्याची नोंद करायला वहीत रकाना नाही.

सकाळी मीच फोन लावला.
प्राजू, काल एकशे छप्पन होतं.
पलीकडे काहीच नाही. मग म्हणाली,
माझंही चढलंय गं. तीन दिवस झाले.
तुला सांगितलं नाही.
डॉक्टरीणबाईंना?
सोमवारी जायचंच आहे ना.
आज, म्हटलं. आत्ता चप्पल घाल.
जाते. आधी एकदा बघते, त्यांना सांगायला.

मग पिंपरीत तिने पट्टा गुंडाळला,
इथे जेल रोडला मी.
फोन टेबलावर, चालू.
पाय जमिनीला गं, म्हटलं, आणि बोलू नकोस.
नाही बोलत, म्हणाली.
तिच्याकडे कुणाचा तरी मिक्सर चालला होता.
माझ्याकडे मालगाडी,
आज जरा उशिरा.